तळाची नोंद

१९८१ साली ‘फायकॉस’ या नियतकालिकात एक छोटा निबंध छापून आला. हे दिल्लीच्या फायकॉलॉजिकल सोसायटीचं नियतकालिक. त्यात फक्त शैवालांवरचं लिखाण येतं. निबंधाचा विषय होता भुसावळजवळच्या तापीतली शैवालं, आणि लेखक होते व्ही. पी. बऱ्हाटे व जे. एल. तरार. भुसावळ म्हटलं की रेल्वे, केळी आणि ऊन आठवणाऱ्या माणसाचं या निबंधावाचून काही अडलं नसतं. वनस्पतिशास्त्रातही त्यानं खळबळ वगैरे माजवली नाही. पण तापीच्या खानदेशातल्या पात्रात काय उगवतं याची शास्त्रशुद्ध यादी आता कागदावर आली होती, आणि ही गोष्ट लहान नव्हती.

भुसावळपुरती तिची वेळही ठीक होती. त्याच नदीवर पुढे पश्चिमेला गेलं की मात्र चित्र वेगळं होतं. आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो (तेव्हा तो धुळ्याचाच भाग होता, वेगळा झाला १ जुलै १९९८ ला) तिथल्या नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात उकाई धरणाचा फुगवटा शिरून नऊ वर्षं उलटली होती. जिथे तापी गोट्यांवरून वाहायची तिथे आता पाणी तुंबून राहिलं होतं. पुढच्या चाळीस वर्षांत जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरच्या नर्मदेचंही तेच झालं. म्हणजे एका जिल्ह्याच्या दोन्ही मोठ्या नद्यांचा तळ दोन पिढ्यांच्या आत बदलला. धरणांचा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेला आहे: विस्थापितांचा, सिंचनाचा, कोर्टकचेऱ्यांचा. तो लिहायलाच हवा होता. इथे सांगायचा आहे तो त्याच गोष्टीचा अगदी खालचा थर.

नदीतली शैवालं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. काही पाण्यात तरंगतात. वाहत्या नदीत त्यांचं फारसं चालत नाही, प्रवाह त्यांना टिकू देत नाही. दुसरी तळाला धरून राहतात: कातळाला, गोट्याला, वाळूच्या कणाला, गाळाच्या सायीला, पाणवनस्पतींच्या देठाला. प्रकाशा या गावी तापी-गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराच्या घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर पाय सटकतो तो यांच्यामुळेच. खानदेशातल्या बहुतेकांची आणि शैवालांची ओळख तेवढीच, आणि ती शिवी घालण्यापुरती.

त्या पायरीवरचा किंवा पात्रातल्या एखाद्या गोट्यावरचा बुळबुळीत तपकिरी थर जुन्या दातघासणीनं खरवडून बाटलीत घेतला, तर हाती येतो तो बहुतांशी डायटमांचा समुदाय. डायटम म्हणजे एका पेशीचं शैवाल. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून फार तर दहाव्या हिश्शापर्यंत. त्याचं कवच असतं सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. कवचाचे दोन भाग डबीवर झाकण बसावं तसे एकमेकांत बसलेले असतात. त्यावर रेघा, टिंबं, छिद्रं यांची अशी नक्षी असते की जात ओळखायची ती या नक्षीवरूनच. म्हणून प्रयोगशाळेत आधी आम्लात उकळून आतलं सगळं जाळून टाकतात. उरतं ते निव्वळ कवच. मग ते काचपट्टीवर चिकटवून हजारपट मोठं करून बघायचं आणि मोजत बसायचं. साधारण चारशे कवचं मोजल्याखेरीज नमुन्याबद्दल बोलू नये असा रिवाज आहे. मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि शेजारच्या टेबलावर गुलाबाच्या कलमांवर काम करणारे सहकारी तुमच्याकडे दयेनं बघतात.

पण एकदा नजर बसली की त्या थरात काय काय घरोबे असतात ते दिसायला लागतं. कॉकोनीस दगडाला सपाट चिकटून असतो, त्याला कितीही धार लागली तरी तो हलत नाही. गोम्फोनेमा चिकट देठ काढून त्याच्या टोकावर उभा राहतो, म्हणजे गर्दीतही त्याला उजेड मिळतो. नॅव्हिक्युला आणि निट्झशिया गाळात चालतात. होय, चालतात: दिवसा वर येतात, अंधार पडायच्या सुमारास गाळात उतरतात. यांच्यात मधूनमधून ऑसिलेटोरियाचे निळसर-हिरवे धागे, आणि उन्हाळ्याकडे झुकताना क्लॅडोफोरा-स्पायरोगायराचे हिरवे झुपके. पावसाळ्यातला पूर हे सगळं घासून नेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावलीनं जो कहर केला तसा पूर आला, तर गोटेच जागेवर राहत नाहीत, त्यांच्यावरच्या थराची काय कथा. ऑक्टोबरात पाणी निवळतं, तळापर्यंत ऊन पोचतं, आणि काही आठवड्यांत थर पुन्हा धरतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांचा हा दरवर्षीचा क्रम आहे.

आणि या नद्यांना सिलिकाची वाण नाही. दख्खनचा काळा दगड झिजतो तेव्हा त्यातलं सिलिका विरघळून पाण्यात येतं. २००१ साली फ्रेंच भूरसायनतज्ज्ञांच्या एका गटानं नर्मदा, तापी आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतलं पाणी तपासून दख्खनच्या पठाराची झीज किती वेगानं होते याचा हिशेब मांडला. त्यांना उत्सुकता होती हवेतला कर्बवायू या झिजेत किती शोषला जातो याची. पण त्यांच्या हिशेबातून आपल्या कामाची गोष्ट निघते ती ही की डायटमांना घरं बांधायला लागणारा माल या पाण्यात मुबलक आहे.

मग या संपत्तीची मोजदाद कुणी आणि कधी केली?

भारतातल्या डायटमांची पहिली नोंद केली ती भारतात पाऊल न ठेवलेल्या माणसानं. बर्लिनचा क्रिस्टिआन गॉटफ्रीड एरेनबर्ग. इजिप्त, अरबस्तान पालथं घातलेला, हम्बोल्टबरोबर सायबेरियापर्यंत गेलेला. पण भारताची माती त्याच्याकडे पाकिटांतून पोचायची. १८४५ साली त्यानं इथल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांबद्दल लिहिलं. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं हा प्रकार असाच तुरळक चालला. १९३५ साली कलकत्त्याच्या डायटमांवर निबंध आला, तोही मांचुरियातल्या हार्बिनमध्ये बसलेल्या स्क्वोर्त्सोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचा. मद्रासला एम. ओ. पी. अय्यंगारांनी शैवालांची शाळा उभी केली, तिचे शिष्य देशभर पसरले, तरी डायटमांना स्वतःचा माणूस मिळायला आणखी थोडा वेळ लागला.

तो माणूस म्हणजे हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी. जन्म १९२०. नोकरीच्या निमित्तानं ते धारवाड, कोल्हापूर, अहमदाबाद, जुनागढ असे फिरले, आणि जिथे गेले तिथल्या पाण्यात त्यांनी हात घातला. धारवाडचे डायटम, जोगच्या धबधब्याचे डायटम, १९५७-५८ मध्ये कोल्हापूर आणि परिसराचे, १९५९ मध्ये पन्हाळगडाचे. पन्हाळ्यावर शिवाजी महाराजांच्या सुटकेखेरीज दुसरं काही शोधायला जाणारा माणूस त्या काळी विरळाच. गांधी तिथली तळी आणि ओलसर कडे खरवडत होते. सूक्ष्मदर्शकाला आरसा लावून हातानं काढलेली त्यांची चित्रं आजही जात ओळखायला उघडली जातात. २००८ साली ते वारले, तेव्हा भारतातल्या डायटमविद्येचा मोठा हिस्सा एका माणसाच्या टेबलावर झाला होता असं म्हणणं अतिशयोक्तीचं नव्हतं.

गांधींच्या निबंधांची गावं नकाशावर मांडली की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती त्यांच्यापुरती नाही. शैवालांचा नकाशा हा नद्यांचा नकाशा नसतो. तो वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नोकऱ्यांचा नकाशा असतो. जिथे विज्ञान महाविद्यालय, तिथे बरा सूक्ष्मदर्शक. जिथे सूक्ष्मदर्शक, तिथून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढ्या अंतरातली नदी ‘समृद्ध’ ठरते. बाकीच्या नद्या कोऱ्या. एन. डी. कामत यांनी १९६३ मध्ये कोल्हापूरच्या शैवालांवर लिहिलं. पुढे पी. टी. सरोदे आणि कामत यांचं ‘महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातले डायटम’ या विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९८४ मध्ये औरंगाबादहून निघालं. ते आजही राज्यातल्या या विषयाचं मुख्य संदर्भपुस्तक आहे. खानदेशात बऱ्हाटे-तरार यांनी भुसावळ निवडलं, तेही याच न्यायानं. त्यात चूक काही नाही. पोटापाण्याच्या नोकरीतून जमेल तेवढं करणाऱ्या माणसांनीच हे शास्त्र उभं केलं आहे. पण नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे नर्मदेकाठच्या गावांना दिवसदिवस पायी जावं लागे, तिथे एसटी पोचत नव्हती. सूक्ष्मदर्शक तर दूरच.

खानदेशातल्या विद्यार्थ्याच्या हाती साधनं होती ती १९५९ च्या आसपास भारतीय कृषी संशोधन परिषदेनं काढलेल्या जाडजूड ग्रंथांची: टी. व्ही. देसिकाचारींचा निळ्या-हिरव्या शैवालांवरचा, आणि स्पायरोगायराच्या कुळावरचा एम. एस. रंधावांचा. हे रंधावा म्हणजे आयसीएस अधिकारी, १९४७ च्या धामधुमीत दिल्लीचे डेप्युटी कमिशनर. फाळणीचे निर्वासित सांभाळणाऱ्या माणसानं तळ्यातल्या हिरव्या धाग्यांवर ग्रंथ लिहावा, ही त्या पिढीची तऱ्हा. डायटमांसाठी मात्र आधार होता तो जर्मन फ्रीड्रिख हुस्टेटच्या १९३० च्या पुस्तकाचा. ते लिहिलं होतं मध्य युरोपातल्या पाण्यांसाठी. त्यामुळे झालं असं की तापीतला डायटम हाती आला की तो ऱ्हाईनमधल्या कुठल्या डायटमासारखा दिसतो ते बघून त्याला तेच नाव दिलं जाई. दिसायला सारखा म्हणजे तोच असं नव्हे, हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नक्षी बघितल्यावर कळलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बी. कार्तिक आणि त्यांचे सहकारी गांधींनी नोंदवलेल्या जाती पुन्हा तपासू लागले, पश्चिम घाटातून नव्या जाती वर्णू लागले, आणि २०१३ मध्ये द्वीपकल्पातल्या नेहमीच्या डायटमांचं सचित्र मार्गदर्शक आलं, तेव्हा कुठे हे युरोपी चष्मे थोडे बाजूला झाले. जुन्या यादीतलं नाव वाचताना म्हणूनच जपून. ‘महाराष्ट्रात आढळते’ असं लिहिलेली जात खरंच तीच आहे का, हा प्रश्न उरतोच.

आता उकाई. तापीवरचं हे धरण गुजरातेत, सोनगडजवळ. १९७२ मध्ये पूर्ण झालं. पाणी सुरतेला, वीज गुजरातला, आणि फुगवट्याची शेपटी महाराष्ट्रात. दोन्ही राज्यांतली मिळून शे-दीडशेहून जास्त गावं त्यात गेली. त्यांत आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासींचीही होती. त्या काळी आंदोलनाची बातमी दिल्लीपर्यंत पोचायची सोय नव्हती. नर्मदेच्या विस्थापितांना निदान नाव मिळालं, उकाईच्या विस्थापितांना तेही फारसं मिळालं नाही.

पाणी तुंबलं की तळाचं गणित तीन बाजूंनी बिघडतं. पहिली बाजू उजेडाची: गढूळ पाण्यात काही मीटरखाली ऊन पोचत नाही, आणि ऊन नाही तिथे शैवाल नाही. दुसरी गाळाची: प्रवाह थांबला की नदीनं वाहून आणलेली माती तिथेच बसते, गोटे-कातळ गाडले जातात. दगडाला चिकटणाऱ्या कॉकोनीसचं घर जातं, गाळात चालणाऱ्या निट्झशियाचं वाढतं. आणि तिसरी बाजू म्हणजे तरंगणाऱ्यांना मोकळं मैदान मिळतं. ऑलॅकोसायरासारखे साखळीत राहणारे डायटम, हिरवे गोळे, निळ्या-हिरव्या शैवालांचा तवंग. नदीचं उत्पादन तळावरून उठून पृष्ठभागावर येतं. पाठोपाठ मासेही बदलतात. उकाईत कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडलं गेलं. कटला हा वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न खाणारा मासा, जलाशयाला सोयीचा. मासळीचं वजन वाढलं, नवापूरकडच्या गावांना मासेमारीचा धंदा मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दगडावरचा थर चाटून जगणारा मल्या या नव्या हिशेबात बसत नाही. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी केली तेव्हा स्थानिक नावावरूनच त्याला शास्त्रीय नाव दिलं होतं. तोंडाखाली चोषक असलेला हा बोटभर मासा धारेतल्या दगडाला धरून राहतो. धार गेली की त्याचा दगडही गेला.

गंमत म्हणजे त्याच १९७२ मध्ये युरोपात डॅन्यूब नदीवर ‘आयर्न गेट्स’ हे मोठं धरण सुरू झालं. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये क्रिस्टोफ हुम्बोर्ग आणि सहकाऱ्यांनी दावा केला की सत्तरच्या दशकापासून डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जाणारं विरघळलेलं सिलिका दोन तृतीयांशानं घटलं, कारण ते धरणात अडकतं, आणि त्यामुळे समुद्रात डायटम मागे पडून दुसरी, उपद्रवी शैवालं माजली. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी मोजमाप करून दाखवलं की त्या एका धरणात अडकणारं सिलिका तेवढं नाही, वरच्या अंगाची असंख्य लहान-मोठी धरणंही हिशेबात धरायला हवीत. वाद झाला हे चांगलंच. मुद्दा असा की तिथे वाद घालायला जुने आकडे होते.

नर्मदेची गोष्ट लांब आहे आणि ती इथे सगळी सांगायचं कारण नाही. ५ एप्रिल १९६१ ला नेहरूंनी सरदार सरोवर धरणाची कोनशिला बसवली, १९७९ मध्ये लवादाचा निवाडा आला, १९८५ मध्ये जागतिक बँकेनं ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. मराठी वाचकाला हा भाग परिक्रमेच्या पुस्तकांतून ‘शूलपाणीची झाडी’ म्हणून ठाऊक असतो, जिथे परिक्रमावासीयांना लुटतात वगैरे. तिथे राहणाऱ्या भिल्ल-पावरा माणसांची बाजू त्या पुस्तकांत क्वचितच असते. नदी तिथे सातपुडा आणि विंध्याच्या मधून, काळ्या कातळाच्या घळीतून जायची. खडक, रांजणखळगे, डोह, मधूनच वाळूची पट्टी.

याच नदीवर, पण बरंच वर होशंगाबादला, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेनं १९५८ ते १९६६ या काळात मासळीचा अभ्यास केला. पकडल्या जाणाऱ्या मासळीत महसीरचा वाटा सुमारे पाव होता. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. महसीर मोठा, झुंजार, शिकाऱ्यांच्या कथांतला मासा. पण त्याच्या पोटात काय सापडतं ते बघितलं तर पाणवनस्पती, तंतुमय शैवाल, शिंपले-गोगलगायी, किडे. म्हणजे या राजाचा शिधा येतो तळावरून. आज मध्य प्रदेशाचा तो राज्यमासा आहे, आणि नर्मदेत तो दुर्मीळ झाल्याचं सगळे मान्य करतात. बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी एकामागून एक तळी झाल्यावर वाहता कातळी तळ उरला किती, हा प्रश्न विचारला की दुर्मीळ होण्याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

पर्यावरणाचा अभ्यास अपुरा आहे हे नर्मदेच्या बाबतीत आंदोलकांनीच म्हटलं असं नाही. १९८७ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली तीच अटींसह, राहिलेले अभ्यास पुरे करा म्हणून. जागतिक बँकेनं नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं जून १९९२ च्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींच्या तयारीवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणं थांबवलं. धरण थांबलं नाही. त्याच वर्षी मणिबेलीत घरं पाण्याखाली गेली. १९९९ मध्ये डोमखेडीला माणसं छातीभर पाण्यात उभी राहिली. १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण, १३८.६८ मीटरपर्यंत, भरला. माणसांचं पुनर्वसन झालं नाही म्हणून भांडण चाललेलं असताना दगडावरच्या थराची बाजू मांडायला कुणाला फुरसत होती? असायलाही नको होती. पण हेही खरं की कुणी मोजायचं म्हटलं तरी मोजणारा हात सातपुड्यापलीकडे पोचतच नव्हता.

जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि वापरातली किमान पातळी ११०.६४ मीटर. या दोन आकड्यांमध्ये २८ मीटरचं अंतर आहे. काठावरचा हा उभा पट्टा वर्षातून काही महिने पाण्याखाली असतो, काही महिने उघडा, तडकलेल्या गाळाचा. नदीकाठी शैवालांचा जो उथळ, उजेडाचा पट्टा असतो तो इथे स्थिर राहतच नाही. आज रुजलेला थर महिन्याभरात एकतर अंधारात बुडतो किंवा उन्हात वाळून पडतो. आणि मणिबेलीपाशी जुना नदीतळ भरल्या जलाशयात पन्नास मीटरहून खोल आहे. तिथे हिरवं काही असण्याचा प्रश्नच नाही.

बुडितातली बरीच कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. त्यासाठी तळोद्याचं जंगल तोडून जमीन दिली गेली. नकाशा नीट बघितला तर कळतं की या माणसांचं नुसतं गाव बदललं नाही, खोरं बदललं. नर्मदेच्या उतारावरून ती तापीच्या उतारावर आली. ज्या माणसाला कुठल्या डोहात कोणत्या महिन्यात कोणता मासा दगडाला लागतो हे ठाऊक होतं, त्याच्या दारात आता हातपंप होता. तळाचं एक ज्ञान असं कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता बाद झालं.

बिलगावची गोष्ट याच प्रवाहातली. अक्राणी तालुक्यात उदई आणि तितोडी या नद्यांच्या संगमावर गावकऱ्यांनी श्रमदानानं, केरळच्या तंत्रज्ञांच्या आणि बाहेरच्या मित्रांच्या मदतीनं पंधरा किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला. जानेवारी २००३ मध्ये दिवे लागले. ‘स्वदेस’ सिनेमातली वीज लोकांना आठवते ती इथूनच स्फुरलेली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी उदईतून वर चढलं आणि प्रकल्प बुडाला. आपल्याकडे ही गोष्ट वीज गेल्याची म्हणून सांगितली जाते. नदीच्या बाजूनं बघितलं तर त्यात आणखी एक माहिती आहे: फुगवटा मुख्य नदीत थांबत नाही. तो उपनद्यांच्या तोंडातून वर शिरतो, आणि नेमक्या त्याच उथळ, खडकाळ, उजेडाच्या जागा घेतो जिथे तळाची शैवालं सर्वांत जास्त जातींनी राहतात.

इकडे तापीवर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सारंगखेडा आणि प्रकाशा इथे दरवाजांचे बॅरेज झाले. उकाईइतकं हे खोल पाणी नाही. पण बॅरेजमागे पाणी संथ, उथळ, उन्हात तापलेलं, आणि भोवती ऊस, केळी, पपईची खतं खाणारी शेती. अशा पाण्यात काय फोफावतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

शैवालांवरून नदीची तब्येत ओळखता येते ही कल्पना जुनी आहे. १९०२ पासून बर्लिनच्या कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी सांडपाणी मिसळलेल्या नद्यांमध्ये कुठल्या टप्प्यावर कोण राहतो याच्या याद्या केल्या. १९४८ मध्ये अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा खोऱ्यात दाखवून दिलं की नुसती एखादी जात नव्हे, सगळा समुदाय बघायला हवा. १९६९ मध्ये पामर यांनी प्रदूषण सोसणाऱ्या शैवालांना गुण दिले. त्यांत युग्लिना आणि ऑसिलेटोरिया वरच्या नंबरात. गुणांची बेरीज वीस किंवा जास्त झाली की पाणी सेंद्रिय घाणीनं भरलेलं. खानदेशातच नव्हे, देशभरातल्या महाविद्यालयीन निबंधांत पामरचं हे कोष्टक इतकं लोकप्रिय झालं की कधीकधी वाटतं नदी कशाला हवी, कोष्टक पुरे. त्यातली अडचण साधी आहे. पामरचं सोपं कोष्टक प्रजातीवर थांबतं, आणि निट्झशियामध्ये गटारात सुखानं राहणारीही जात असते आणि स्वच्छ झऱ्यात राहणारीही. युरोपीय संघानं २००० साली पाण्याविषयीचा मोठा कायदा केला, तेव्हा नदीची स्थिती ठरवताना तळाचं शैवाल बघणं सक्तीचं केलं. आपल्याकडे नेहमीची तपासणी बाटलीतल्या पाण्याची: सामू, प्राणवायू, बीओडी, कॉलीफॉर्म. बाटली भरली त्या क्षणाचं पाणी ती सांगते. गोट्यावरचा थर मागच्या काही आठवड्यांचं सांगतो, कारण तो त्या आठवड्यांत तिथेच बसून वाढलेला असतो.

गेलं ते सगळंच गेलं असंही नाही. सिलिका कुजत नाही. उकाईच्या तळाशी १९७२ पासून बसलेल्या गाळात डायटमांची कवचं वर्षावर्षाच्या क्रमानं असणार, आणि त्याच्या खाली जुनं पात्र. गाळाचा उभा गाभा काढून तो थराथरानं वाचण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे. प्रकाशाला १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी पांढरीच्या टेकाडात चर खणून ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती थराथरानं मोकळी केली होती. शेजारच्या नदीला तोच न्याय लावायला अडचण आहे ती पैशाची, जिद्दीची नाही.

आणि फुगवट्याच्या वर अजून वाहतं पाणी आहे. गोमाई आणि सुसरी मैदानात उतरण्याआधी, उदई बिलगावच्या वर, तोरणमाळच्या अंगाचे ओढे. शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा इथे आता महाविद्यालयं आहेत, धडगावपर्यंत रस्ता आहे, आणि खानदेशातून शैवालांवरचे निबंध गेली काही दशकं येत राहिले आहेत. त्यातले बरेच तलाव-धरणांवरचे, कारण तिथे गाडी काठाला लागते. डोंगरातल्या ओढ्याला नमुना घ्यायचा तर वेळ साधावी लागते. सप्टेंबरात पाणी गढूळ असतं आणि थर धुऊन गेलेला असतो, मार्चनंतर बऱ्याच ठिकाणी नुसते डोह उरतात आणि त्यात हिरव्या धाग्यांखेरीज दुसरं काही दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन-तीन महिने हाच खरा हंगाम, आणि नेमक्या त्याच वेळी सत्र परीक्षा असतात.